टीव्हीची गरम पाठ

"हलको लागता."

कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी तळहातावर दोनदा वरखाली करायचे आणि मग हे वाक्य उच्चारायचे. हलकं वाटतंय. मग तो पोदेराकडचा उंडो पाव असो, बाजारातला बांगडा असो, नाहीतर माझ्या दुकानातला नवाकोरा रिमोट. जगातली प्रत्येक वस्तू असायला हवी त्याहून जराशी हलकीच असते आणि तेवढा भाग मधल्यामध्ये कोणीतरी खाल्लेला असतो, याबद्दल त्यांची खात्री होती.

तुमच्याही ओळखीत असा एखादा संशयी माणूस असेलच. पण यांचं जरा वेगळं होतं. संशय हा यांचा धंदा होता. डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवरच्या वजनकाट्यावर ते नोकरीला होते. मालाने भरलेला ट्रक काट्यावर चढायचा आणि हे केबिनमधून खाली उतरून त्याच्याभोवती फेरी मारायचे. मालावर पाणी मारून वजन वाढवलंय का, रिकामा ट्रक तोलताना मागचं चाक काट्याच्या बाहेर ठेवलंय का, क्लीनर टपावर लपून बसलाय का. यातलं काही ना काही निघायचंच. ज्याला उभ्या आयुष्यात लबाडी पकडण्याचाच पगार मिळाला, त्याने संध्याकाळी घरी आल्यावर ती सवय कुठल्या खुंटीला टांगायची? पुढे खाणी बंद पडल्या, काटा गंजला, सवय तेवढी राहिली. मये गावात त्यांना 'काट्यावरचे' म्हणत. मी काका म्हणायचो.

डिचोलीच्या बाजारात माझं टीव्ही-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. नव्या वस्तूही ठेवतो. काका काहीही दुरुस्तीला आणत, तेव्हा त्या वस्तूच्या प्रत्येक स्क्रूवर काकींच्या नेलपॉलिशचा ठिपका असायचा. ठिपका फुटलेला दिसला तर ओळखायचं की आत हात घातला होता. मी म्हणायचो, अहो काका, उघडल्याशिवाय दुरुस्त कशी करणार? त्यावर ते स्टूल ओढून माझ्यासमोर बसायचे आणि माझ्या बोटांकडे एकटक बघत राहायचे. चहा मागवला तर विचारायचे, "आज कित्याक?" आज कशाला? फुकटच्या चहामागे काहीतरी असणारच.

मला त्यांचा राग कधी आला नाही. एकदा माझ्याकडे मालाच्या खोक्यात एक पंखा खरोखरच कमी आला होता, आणि ते खोकं न उघडता नुसतं हलवून काकांनीच मला सांगितलं होतं. त्या दिवशी ते अर्धा तास आनंदात होते.

त्यांना एकच मुलगा, संदेश. तो तारवावर, म्हणजे बोटीवर, स्वयंपाकघरात कामाला. बाप-लेकात बोलणं नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. कारण कोणालाच नीट माहीत नव्हतं. बारावीच्या वर्षी पोरगा घरातून निघाला तो पेडण्यात केरीला मामाकडे राहिला, तिथूनच पुढे बोटीवर गेला. सुट्टीवर आला की मामाकडे उतरायचा, आईला तिथे बोलावून घ्यायचा. फोन करायचा तोही आईलाच. त्याचा फोन आला की काका चपला घालून घरापुढच्या खळ्यात जायचे आणि माडांची चौकशी करत उभे राहायचे.

मग काकींना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं तुटलं. एखादा शब्द यायचा, पुढचा वाटेत अडकायचा. संदेश तेव्हा भर समुद्रात होता. उतरायला मिळेना. त्याने बोटीवरून मला फोन केला आणि आईला बिछान्यावरून दिसेल असा मोठा टीव्ही घरी बसवायला सांगितला. मी तो घेऊन गेलो, तेव्हा काकांनी दारातच अडवलं. कोणी पाठवला, का पाठवला, मला आधी का विचारलं नाही. मी म्हटलं, काकींसाठी आहे. त्यावर ते बाजूला झाले. टीव्ही भिंतीवर लागला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्याच्या खालच्या लाल दिव्यावर काकींची एक टिकली चिकटवलेली. तो दिवा रात्रंदिवस आपल्याकडे बघतो, असं काकांचं म्हणणं पडलं.

पावसाळा सरता सरता काका एक दिवस दुकानात आले. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. उलगडून पाहिलं तर जुना टीव्ही गेम. दोन कंट्रोलर, वरून कॅसेट खोचायची तो. प्लास्टिक पिवळं पडलेलं, वायरी कडक झालेल्या. पूर्वी घरोघरी असायचा, आता बघायलाही मिळत नाही.

हा कोणाचा, कशाला, हे ते सांगेनात. मग हळूहळू निघालं. इस्पितळातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने काकींना रबरी चेंडू दिला होता, दाबण्यासाठी. काकी तो डाव्या हाताने उचलून खाली टाकायच्या. आणि रोज डाव्या हातानेच कपाटाच्या माथ्याकडे बोट दाखवायच्या. काकांनी कपाटावरची ट्रंक काढून दिली. नको. तांब्याचा हंडा काढून दिला. नको. जुनी पंचांगं, चवथीला गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीच्या दोऱ्या, सगळं उतरवलं. काकींची मान हलतच राहिली. डोकं फिरलं बहुतेक, असं त्यांना वाटायला लागलं. अगदी शेवटी भिंतीकडेला ढकललेला हा गेम निघाला आणि काकींनी डावा हात पुढे केला.

"हिका हें किदें करपाचें?" काकांनी मला विचारलं. हिला याचं काय करायचंय? उत्तर माझ्याकडे असल्यासारखं.

मी त्यांच्या देखत गेम उघडला. ठिपके त्यांनी स्वतः खरवडून काढून दिले. आत कोळ्याचं घर होतं, ते साफ केलं. कॅसेटच्या तांब्याच्या पट्ट्यांवर काळं चढलेलं, ते खोडरबराने घासलं. दुकानातल्या जुन्या टीव्हीला लावला तर पट्कन चालला. काका म्हणाले, मग झालं तर, घरी लावतो. मला सांगावं लागलं की घरच्या टीव्हीला तो असा लागणार नाही. याच्या वायरीला तीन रंगांच्या पिना आहेत, आणि त्या टीव्हीला तशी भोकंच नाहीत.

"भोकां खंय गेलीं?"

काढून टाकली कंपन्यांनी, मी म्हटलं. आता मध्ये एक डबी लावावी लागते. या बाजूने जुनी वायर जाते, त्या बाजूने नवी निघते.

म्हणजे भोकं बुजवायची आणि मग डबी विकायची, असं म्हणून ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. सगळ्या कंपन्यांच्या वतीने मीच समोर उभा होतो. डबी तळहातावर घेतली. ती खरंच हलकी होती. आत असतंच किती! पण काकींची आठवण झाली असावी. ती त्यांनी टॉवेलात बांधली आणि मला म्हणाले, तूच ये लावायला.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकी खुर्चीत बसलेल्या होत्या, केस नीट विंचरलेले. मी वायरी जोडल्या, डबीला वीज दिली. चित्र आलं, पण काळं-पांढरं. काका लगेच म्हणाले, दुकानात तर रंगीत होतं. डबीच्या कडेला एक बारीकसं बटण असतं, चित्राची जात बदलणारं. ते सरकवलं तर रंग आले. मग चित्र आडवं ताणलेलं निघालं, सगळं कसं सुजल्यासारखं. तेही टीव्हीत शिरून जागेवर आणलं. प्रत्येक वेळी काका मान वाकडी करून आधी पडद्याकडे, मग माझ्याकडे बघत होते. टीव्हीवर विश्वास नव्हताच. माझ्यावर आहे की नाही, हे ठरायचं होतं.

कॅसेटमध्ये बरेच खेळ होते. काकींनी डाव्या अंगठ्याने यादी खाली सरकवत नेली आणि वरून ठोकळे पडतात, ते फिरवून ओळी भरायच्या, त्या खेळावर थांबवली. डाव्या अंगठ्याने ठोकळा सरकवायचा, उजव्याने फिरवायचा. काकांनी त्यांचा उजवा अंगठा उचलून बटणावर ठेवून दिला.

खेळ सुरू झाला आणि लगेच संपला. ठोकळे एकावर एक चढत गेले. परत सुरू केला, परत तेच. ठोकळा फिरायचा, पण फिरेपर्यंत खाली टेकलेला असायचा. उजवा हात मागे पडतोय हे उघड दिसत होतं. मी मनाशी म्हटलं, नव्हतं आणायला पाहिजे. काका हळू आवाजात म्हणाले, असू दे, हात अजून तयार नाही, पुढच्या महिन्यात बघू. आणि कंट्रोलर घ्यायला वाकले.

काकींनी तो सोडला नाही.

"हात न्हय," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ पुढचा शब्द शोधत राहिल्या. "टीव्ही. टीव्ही फाटीं उरता."

हात नाही, टीव्ही मागे राहतोय. मी काकांकडे पाहिलं. आजारी माणूस म्हणतं तसं, असं काहीसं मी पुटपुटलो. हातच मागे पडतोय, अशी माझी तर खात्रीच होती. पण इथे काका एकदम ताठ झाले. आजवर मी त्यांना कोणाचं ऐकून काही मान्य करताना पाहिलं नव्हतं. आताही त्यांनी मान्य केलं नाही, पण तपासल्याशिवाय नाकारणंही त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तू दाब.

मी दाबत गेलो. काका माझ्या बाजूला वाकून एकदा अंगठ्याकडे, एकदा पडद्याकडे बघत होते. काट्यावर चढणाऱ्या ट्रकच्या चाकांकडे कसे बघत असतील, ते मला तेव्हा दिसलं.

"तुझेंय उशिरांच," ते म्हणाले.

आणि खरंच तसं होतं. लक्ष देऊन पाहिल्यावर मलाही दिसलं. मग मला सुचलं. नवे टीव्ही आत आलेलं चित्र लगेच दाखवत नाहीत. आधी त्याला घासूनपुसून चकचकीत करतात, मग पडद्यावर सोडतात. सिनेमा बघताना ते कळत नाही. खेळताना तो पापणी लवेपर्यंतचा उशीरही नडतो. टीव्हीत खेळासाठी वेगळी सोय असते, ती चालू केली की हे घासणं-पुसणं बंद होतं. मी काकांना हे समजावलं.

म्हणजे आत येतं तसं हा दाखवत नाही, काका म्हणाले. त्यांच्या आवाजात टीव्हीबद्दल राग नव्हता. शेवटी सापडलास, असा भाव होता.

मी ती सोय चालू करून कंट्रोलर काकींच्या मांडीवर ठेवला.

त्यानंतर जे पाहिलं ते मी पुष्कळांना सांगितलं आहे. काकींचा उजवा अंगठा कमजोरच होता, पण त्याला कधी हलायचं ते माहीत होतं. ठोकळा दिसायच्या आधीच तो तयार असायचा. एक ओळ भरली, नाहीशी झाली. मग एकदम चार. काकी खुर्चीत पुढे सरकल्या होत्या, तोंड किंचित उघडं, डोळे पडद्यावर. ठोकळे जोरात पडायला लागले तरी त्या गडबडल्या नाहीत. हे एका दिवसात येत नाही. वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसाचंच ते काम.

हे माझ्या लक्षात आलं, तसं काकांच्याही आलं. ते खुर्चीच्या मागे उभे होते. त्यांनी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? काकींनी मान वळवली नाही.

"दनपारां," एवढंच म्हणाल्या. दुपारी.

काका भिंतीला टेकले आणि तसेच खाली बसले.

मला काही कळलं नव्हतं. निघालो तेव्हा ते माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले आणि माझ्या स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनीच सांगितलं.

संदेशचं बारावीचं वर्ष. काकांनी घरात सांगून ठेवलं होतं, परीक्षा होईपर्यंत गेम बंद. दुपार उतरताना पाळीवरून घरी आले की ते आधी टीव्हीच्या मागे जायचे आणि त्याच्या पाठीवर तळहात ठेवायचे. ते जुने पेटीसारखे टीव्ही चालले की चांगले तापायचे. पाठ रोज गरम लागायची. संदेश म्हणायचा, मी लावला नाही. काका म्हणायचे, फट उलयता. खोटं बोलतोस. एक दिवस पोराने तुळशीवर हात ठेवून सांगितलं. त्या दिवशी काकांनी त्याला सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत खळ्यात मारलं.

"आणि काकी?" मी विचारलं.

तिने सांगितलं होतं, काका म्हणाले. तेव्हाच सांगितलं होतं. घरचं आवरून झाल्यावर दुपारी मी खेळते, पोर शाळेत असतं, असं स्वतःहून येऊन सांगितलं होतं. तिला मी म्हटलं, लेकाला वाचवायला तूही खोटं बोलायला लागलीस. चूल सांभाळणारी बाई ती, ती कशाला असलं काही खेळेल, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी संदेश गेला आणि मी गेम कपाटावर टाकला.

एवढं सांगून ते रस्त्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, त्याला फोन करा.

"ताका दुबाव येतलो," काका म्हणाले. आमच्याकडे संशयाला दुबाव म्हणतात. इतक्या वर्षांनी बाप गोड बोलतोय म्हणजे घराच्या कागदांवर सही हवी असणार, असं त्याला वाटेल. मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

फोन त्यांनी केला. हे मला संदेशकडूनच कळलं, कारण त्याने लगेच मला फोन लावला. आवाजात घाबरेपणा होता. बाबांना काय झालंय, त्याने विचारलं. आईचा फोन हातात घेऊन ते म्हणाले, तूं खेळूंक नासलो. तू खेळला नव्हतास. एवढंच बोलले आणि फोन आईकडे दिला. त्यांनाही झटकाबिटका आलाय का? डॉक्टरांकडे नेलं का? मी सांगितलं, त्यांची तब्येत ठणठणीत आहे. त्यावर तो म्हणाला, तुम्ही खरं सांगताय ना? बापाचाच मुलगा.

मग मी त्याला ठोकळ्यांचं सगळं सांगितलं. मागे कुठेतरी भांडी वाजत होती. शेवटी म्हणाला, ती खरंच चार ओळी एकदम घालवते? मी हो म्हटलं. मला दोनच्या वर कधी जमल्या नाहीत, तो म्हणाला, आणि त्याला हसू आलं की काय झालं, मला फोनवर कळलं नाही.

बोट सोडायला मिळाली तसा तो आला. या वेळी मयेलाच उतरला. काका त्याआधी दुकानात येऊन गेले. दुसरा कंट्रोलर दुरुस्त करून हवा होता. कशासाठी ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. नंतर कधी गेलो की दिसायचं, मायलेक शेजारी-शेजारी बसून खेळतायत आणि काका मागे खुर्ची टाकून बसलेत. ही मुद्दाम हरते, पोराला जिंकवते, असा त्यांना दाट संशय होता आणि तो ते दर खेळाला बोलून दाखवत. काकींचा उजवा हात त्या हिवाळ्यात पेला धरण्याइतका सुधारला.

बाप-लेक एकमेकांशी फार बोलताना मी पाहिले नाहीत. माफी वगैरे कोणी मागितली असेल असं वाटत नाही. एकदा मात्र केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीत तिघे दिसले. संदेश आईला धरून उभा होता, काका जरा अंतरावर कठड्याला टेकून. सगळे प्रवासी पाण्याकडे बघत होते. ते मुलाकडे बघत होते. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी मान फिरवली.

त्यानंतर संदेश परत बोटीवर गेला. आणि पुढच्या चवथीच्या थोडं आधी काका गेले. सकाळी अंगणात बसले होते, तिथेच. संदेशला यायला दोन विमानं बदलावी लागली. तो पोचेपर्यंत थांबले होते सगळे.

सुतकाचे दिवस चालू असताना मी भेटायला गेलो. खळ्यात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. संदेश मुंडण केलेल्या डोक्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला सामोरा जात होता. मी कोपऱ्यात बसलो. थोड्या वेळाने पोदेर आला. रोज सकाळी पाव घेऊन सायकलवरून येतो तो. त्याने संदेशला वरपासून खालपर्यंत निरखलं आणि विचारलं, तो मुलगा तूच का, कधीच खोटं न बोलणारा? संदेश माझ्याकडे बघायला लागला. पोदेराने सांगितलं, तुझे वडील पाव घेताना रोज सांगायचे. काही कारण नसताना.

मग बसचा कंडक्टर आला, त्याने तेच विचारलं. पलीकडच्या वाड्यावरची, माडाला पाणी शिंपायला येणारी बाई आली, तिनेही. यांतल्या कोणालाच संदेश कधी खोटं बोलला होता की नव्हता, याच्याशी काही देणं-घेणं नव्हतं. कोणी त्याच्यावर आरोप केला होता, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. काकांनी नुसतं सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. आम्ही दुकानात इतके भेटायचो, मला त्यांनी यातलं कधी कळू दिलं नव्हतं. संदेश दर वेळी माझ्याकडे बघायचा. मलाही हे नवीनच, अशी मी मान हलवायचो.

ऊन उतरताना एक म्हातारा काठी टेकत फाटकातून आत आला. खाणीवर ट्रक चालवायचा कधीकाळी, आता डोळ्यांनी कमी दिसतं. तो खळ्याच्या मधोमध उभा राहिला आणि आवाजाचा माग काढत संदेशपर्यंत आला. हाताने त्याचा दंड चाचपला आणि त्यानेही तेच विचारलं.

"संदेश तूंच मरे? केन्नाच फट उलयना तो?"

संदेशने त्याच्यासाठी खुर्ची ओढली, त्याचा हात धरून त्याला बसवलं.

"होय," तो म्हणाला. "हांव तोच."